लिंबची बारा मोटांची विहीर

पुणे-सातारा महामार्ग सोडून कृष्णेकडे वळले की साताऱ्याच्या अलीकडे लिंब हे शेतकऱ्यांचे गाव लागते. नदीकाठी घाट आहेत, देवळे आहेत. पण गावाचे नाव दूरवर गेले ते शिवारातल्या एका विहिरीमुळे. शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724 या काळात साताऱ्याच्या राजघराण्यातल्या वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधवून घेतली. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेली आयताकृती पायविहीर आणि दोन्हींच्या मध्ये दगडी महाल अशी तिची रचना आहे. वरून पाहिले तर सगळ्या बांधकामाचा आकार शिवपिंडीसारखा दिसतो. व्यास सुमारे 50 फूट आणि खोली सुमारे 110 फूट सांगतात. महालाच्या खांबांवर गणपती, हनुमान, हत्ती आणि घोडेस्वार कोरले आहेत, भिंतींवर शरभाची शिल्पे आहेत. येणाऱ्याचे लक्ष साहजिकच या महालाकडे जाते आणि ‘विहिरीतला राजवाडा’ म्हणून तिची छायाचित्रे काढली जातात. पण महालावरून वास्तू वाचायला गेले की तिचा अर्थच निसटतो. लिंबची विहीर हे मुळात शेतीला पाणी देणारे यंत्र आहे, आणि महालाला जे मोल आले ते या यंत्रामुळे.

आधी काळ पाहू. 1681 ते 1707 अशी सव्वीस वर्षे मराठे आणि मुघल यांच्या युद्धात दख्खन होरपळली. त्यातच 1702 ते 1704 या काळात मोठा दुष्काळ आणि रोगराई आली. गावे ओस पडली, जमिनी पडीक झाल्या. 1708 मध्ये साताऱ्यात शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हा राज्यापुढचा खरा प्रश्न उजाड मुलखात पुन्हा नांगर चालवण्याचा होता. रयतेला कौल, म्हणजे अभयाचे वचन, देऊन परत आणणे, पडीक जमिनीवर पहिली काही वर्षे हलका आणि पुढे चढत जाणारा सारा, म्हणजे इस्तावा, लावणे, हे उपाय त्यासाठीच होते. 1719 मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्याच सुमारास लिंबला या विहिरीचे काम सुरू झाले. राजधानीला उसंत मिळाली आणि तिच्या दाराशी पैसा दगडात, पाण्यात आणि बागायतीत गुंतू लागला, असा या तारखांचा अर्थ लावणे वाजवी आहे. जिरायत जमीन मोटस्थळ, म्हणजे मोटेच्या पाण्यावर भिजणारी, झाली की पीक वाढते, सारा वाढतो आणि पावसाने पाठ फिरवली तरी काही हाती राहते. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे खोऱ्यात उतरावे तसा तो झपाट्याने कमी होतो आणि माघापासून ज्येष्ठापर्यंत शेताला विहिरीचाच आधार उरतो.

आता यंत्राकडे येऊ. विहिरीच्या काठावर पंधरा मोटांची सोय दिसते आणि त्यांपैकी बारा मोटा चालत, असे सांगितले जाते. एकेका मोटेचे काम असे चाले : चामड्याची मोट नाड्याला बांधून विहिरीत सोडायची, बैलांनी उताराच्या धावेवरून खाली जात ती ओढायची. बैल उतारावरून जातात म्हणून त्यांचे स्वतःचे वजनही ओढीला लागते. मोट काठाशी आली की सोंदूर, म्हणजे सोंडेला बांधलेला बारीक दोर, तिची सोंड पुढे खेचतो आणि पाणी आपोआप थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडीत, पडते. तेथून पाटाने ते शेतात जाते. एक मोटकरी आणि एक बैलजोडी एवढ्यावर हे सगळे चाले. बारा मोटा म्हणजे किमान चोवीस बैल, त्यांच्या धावा, थारोळी आणि त्या सर्वांचे पाणी सांभाळणारे पाट. इतक्या धावा एकमेकींना न अडवता मांडण्याचे काम या वास्तूच्या आखणीनेच केले आहे. कोरीव खांबांइतकीच कारागिरी या मांडणीत आहे.

थोडा हिशेब केला की हेतू अधिक स्पष्ट होतो. या विहिरीवर सुमारे 3300 झाडांची आमराई होती, असे परंपरेने सांगतात. आंब्याच्या दोन झाडांत तीस फूट अंतर धरले तर एकरी अठ्ठेचाळीस झाडे बसतात, म्हणजे ही आमराई जवळपास सत्तर एकरांची होते. आंब्याची कोवळी रोपे पहिले काही उन्हाळे पाण्याशिवाय तगत नाहीत. सत्तर एकरांवरची रोपे जगवायची तर एक-दोन मोटांनी भागणार नव्हते. दुसरीकडे, एवढ्या व्यासाच्या विहिरीतले एक फूट पाणी म्हणजे सुमारे पन्नास हजार लिटर. मोटेत शे-दीडशे लिटर मावते असे धरले तर ते एक फूट उपसायला सगळ्या मोटांच्या मिळून साडेतीनशे ते पाचशे खेपा लागतात. म्हणजे विहिरीचा आकार, मोटांची संख्या आणि झाडांची गरज यांचा मेळ बसतो.

यावर पहिला आक्षेप असा की ही आमराई राजघराण्याची होती. कुणब्याच्या शेतीशी तिचा काय संबंध? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. मालकी राजघराण्याची असली तरी विद्या गावची होती. मोट शिवणारा चांभार, नाडा वळणारा मांग, चाक घडवणारा सुतार, कडी ठोकणारा लोहार आणि बैल हाकणारा मोटकरी यांच्याशिवाय महालाखालचे पाणी एक हातही वर आले नसते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांची जी व्यवस्था मांडली, ती अशा विहिरींच्या काठावर रोज राबत होती. मात्र तिचा गौरव करताना तिची क्रूर बाजूही सांगितलीच पाहिजे. ज्या हातांनी मोट आणि नाडा घडवला, त्या हातांना महाराष्ट्रातल्या असंख्य पाणवठ्यांवर पाण्याला शिवण्याची बंदी होती. ज्यांचे मूळ गाव याच सातारा जिल्ह्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. 1927 मध्ये महाडला चवदार तळ्यासाठी सत्याग्रह करावा लागला. म्हणून विहिरीवरच्या माहितीफलकावर बांधवून घेणारीच्या नावाबरोबर राबणाऱ्यांचेही श्रम नोंदले जावेत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. मोटर आली, मोट गेली. मग मोटेच्या वास्तूचा अभ्यास हा केवळ गतकाळाचा लोभ नाही काय? मोट परत आणा, असे कोणी म्हणत नाही. त्या कामात बैलही झिजत आणि माणूसही. पण पाच अश्वशक्तीचा पंप त्याच पन्नास हजार लिटर पाण्याचा दोन-तीन तासांत निकाल लावतो. मोटेच्या काळी उपशाला बैलांच्या दमाची मर्यादा होती आणि तेवढ्या वेळात झरे पुन्हा भरत. पंपाने ती मर्यादा काढून टाकली. तिच्या जागी दुसरी मर्यादा घालण्याचे काम आपण अजून पुरे केलेले नाही. काळ्या पाषाणाच्या पोटात पाणी थोडे मुरते आणि सावकाश मुरते, हे दख्खनचे वास्तव तीनशे वर्षांत बदललेले नाही. भरण जेवढे तेवढाच उपसा, हा हिशेब शिकवायला लिंबइतकी बोलकी जागा मिळणे कठीण.

तेव्हा या विहिरीचे जतन म्हणजे महालाची डागडुजी आणि कठडा एवढ्यावर थांबू नये. थारोळी, धावा आणि पाटांच्या खुणा यांची मोजणी व्हावी, त्यांचे नकाशे व्हावेत. एका जागी मोट कशी चाले हे दाखवणारी मांडणी असावी. परिसरातल्या झऱ्यांवर येणारा उपशाचा ताण ग्रामसभेत चर्चेला यावा. आणि आपल्या गावातही अशी एखादी मोटवण, बुजलेला पाट किंवा पडकी पायविहीर असेलच. ती बुजवण्याचा ठराव येण्याआधी गावातल्या जाणत्यांना विचारून तिची मापे आणि तिची माहिती लिहून ठेवा. मोट हाकलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत.