ड्रॅगनच्या 'एरागॉन'बद्दल वाचकांची दोन टोकाची मतं का?

अमेरिकेतल्या क्रिस्टोफर पाओलिनीने ही पहिली कादंबरी १५व्या वर्षी लिहायला घेतली. २००२ मध्ये घरच्यांनीच ती छापली. २००३ मध्ये मोठ्या प्रकाशकाने ती नव्याने काढली आणि ती जगभर पोहोचली.

काय आवडतं? शेतावरच्या पोराला निळा दगड सापडतो, ते निघतं ड्रॅगनचं अंडं! त्यातली सफिरा आणि एरागॉन मनातल्या मनात बोलतात. ही मैत्री वाचकांना भावते.

आक्षेप काय? खेड्यातला मुलगा, म्हातारा गुरू, जुनी तलवार, दुष्ट राजा, हे 'स्टार वॉर्स'सारखं. एल्फ आणि बुटके टोल्किनसारखे.

मग ही नक्कल का? पंचवटीतली सीतागुंफा आठवा. इथल्या सीताहरणाची कथा वाल्मीकींनंतर एकनाथांनी 'भावार्थ रामायणा'त सांगितली, १९५५ मध्ये गदिमांनी 'गीतरामायणा'त. शेवट माहीत असूनही आपण ऐकतो, कारण प्रत्येकाने त्यात स्वतःचं काही घातलं.

फरक आहेच. रामकथा सगळ्यांची, 'स्टार वॉर्स' १९७७चा, ठरावीक लोकांनी रचलेला. म्हणून आक्षेप खोटा नाही. पण साचा ओळखीचा दिसला की पुस्तक लगेच निकालात काढू नका. त्यात नवं काय, तेही बघा. इथे ते आहे सफिराशी जुळलेलं नातं.