दुखणे अंगावर काढू नका : स्त्रियांमधील संप्रेरकांचा बिघाड

वर्षावासात विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आटोपले की आयाबाया घटकाभर बसतात आणि बोलणे हमखास दुखण्याखुपण्यावर येते. एकीला दिवसभर गळून गेल्यासारखे वाटते, दुसरीची पाळी दोन-दोन महिने लांबते, तिसरीला थंडीतही दरदरून घाम फुटतो. ऐकणारी म्हणते, "अशक्तपणा आहे बाई, सलाईन लावून घे." देऊळघाटात काय किंवा इतर खेड्यांत काय, हेच चालते. दुःखाचे कारण शोधा असे तथागतांनी शिकविले. मग याच दुःखाचे कारण आपण का शोधत नाही?

आपल्या शरीरातील काही ग्रंथी संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, तयार करून थेट रक्तात सोडतात. त्यांचे प्रमाण अगदी अल्प. पण वाढ, पाळी, भूक, झोप, मनाची उभारी हे सारे त्यांवर अवलंबून असते.

गळ्याच्या पुढच्या बाजूस फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. तिचे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतात. तिचा स्राव कमी पडला तर थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते, बद्धकोष्ठ होते, कातडी कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, पाळीत रक्त जास्त जाते आणि मन उदास राहते. हे सारे इतके हळूहळू होते की घरची माणसे "ही आळशी झाली" असे म्हणून मोकळी होतात. निंदण-खुरपण करून घरी येणाऱ्या बाईला आळशी म्हणणे आम्हाला तरी अन्यायाचे वाटते. स्राव जास्त झाला तर उलट घडते : छाती धडधडते, हात थरथरतात, खाऊनही वजन घटते. टीएसएच नावाच्या रक्ततपासणीने याचा उलगडा होतो. गरोदरपणी तर दुर्लक्ष नकोच, कारण बाळाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो. गोळी सुरू झाल्यास ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

विद्यार्थिनींनी दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होतेच. पण पुढेही दोन पाळ्यांत 35 दिवसांहून अधिक अंतर पडत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरुमे हटत नसतील, तर पीसीओएस असू शकतो. मानेमागचा काळेपणा मळ समजून मुली घासत बसतात. तोही याचीच खूण असू शकतो. पुढे मधुमेहाचा धोका असतो. लग्न मोडेल या भीतीने आईबाप हे लपवितात आणि नंतर मूल होत नाही म्हणून बोल त्या मुलीलाच. अशा वेळी नवऱ्याचीही तपासणी व्हावयास हवी.

प्रत्येक खूण संप्रेरकांचीच असते असे मात्र नाही. 2024 च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही गावांत बायका, पुरुष, मुले यांचे केस अचानक गळू लागले. तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविले. तपासणीशिवाय निदान नाही ते यामुळेच.

साधारण 45 ते 55 या वयात पाळी जाते. अंगातून वाफा निघणे, रात्री घाम, चिडचिड हे त्या काळात होते. मात्र पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. त्याआधीच गर्भाशय काढून मोकळे होण्याचा सल्लाही डोळे झाकून मानू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची हजारो गर्भाशये काढली गेल्याचे 2019 साली उघड झाले. खाडा पडला की मजुरी बुडते, हे त्यामागचे एक कारण. बीजाशयेही काढली तर संप्रेरके एकाएकी आटतात आणि हाडे ठिसूळ होतात. कामगार स्त्रीच्या प्रसूतिरजेसाठी बाबासाहेब 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते, याची इथे आठवण होते.

बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय आपल्यापासून दूर नाही. जाताना मागील तीन पाळ्यांच्या तारखा, वजनातील फरक आणि चालू गोळ्यांची नावे कागदावर लिहून न्यावीत. सोबत कोणी नसेल तर आशाताईंना विचारावे.