रेडिओची खरखर आणि वीज

रेडिओ सिलोनच्या काळात आपल्याकडच्या अनेक घरांत तांब्याच्या जाळीची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असे. तिला एरियल म्हणत. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले आणि श्रोते शॉर्टवेव्हवर सिलोन शोधू लागले. त्या एका निर्णयाने देशात किती एरियल चढल्या असतील, कोण जाणे!

शॉर्टवेव्ह ऐकणारी मंडळी आजही आहेत, आणि हल्ली त्यांच्यात चर्चा असते ती ॲक्टिव्ह अँटेनाची. हात-दोन हातांचा अँटेना आणि त्याच्या बुडाशीच बसवलेला छोटा ॲम्प्लिफायर. वीस मीटर तारेचे काम एवढीशी कांडी कशी करते? 30 मेगाहर्ट्झच्या खाली, आणि जितके खाली जावे तितकी जास्त, बाहेरूनच इतकी खरखर येते की रेडिओच्या आतला गोंगाट तिच्यापुढे किरकोळ ठरतो. छोट्या अँटेनात स्टेशन क्षीण होते, तशी बाहेरची खरखरही क्षीण होते. दोन्ही सारख्याच पटीने वाढवले की हिशेब पुन्हा तोच.

म्हणून ‘हा अँटेना जास्त आवाज खेचतो’ ही जाहिरात मला फसवी वाटते. ईसीजी काढताना आम्हा डॉक्टरांची गाठ याच प्रश्नाशी पडते. हृदयाचा संकेत जेमतेम 1 मिलिव्होल्ट. भिंतीतल्या वायरिंगमुळे अंगावर येणारा 50 हर्ट्झचा गोंगाट त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. नुसता ॲम्प्लिफायर लावला तर कागदावर जाड काळी पट्टी उमटेल. म्हणून यंत्र शरीरावरच्या दोन जागांमधला फरक मोजते आणि दोन्हीकडे सारखा आलेला गोंगाट वजा करते. उजव्या पायाची क्लिप तर हृदय बघायला नसतेच. ती गोंगाट मारण्यासाठी असते.

अँटेनाही याच कसोटीवर तोलावा. कांडीचा अँटेना स्वस्त, आटोपशीर, आणि अगदी खालच्या लहरींपासून शॉर्टवेव्हपर्यंत सगळे ऐकवतो. पण तो घरापासून दूर, उंच खांबावर हवा आणि त्याला स्वतःचे चांगले अर्थिंग हवे. नाहीतर घरातला गोंगाट केबलच्या बाहेरच्या जाळीवरून चालत थेट त्याच्यापर्यंत जातो. मीटरभर व्यासाचे कडे, म्हणजे लूप, महाग पडते. मात्र ते फिरवता येते. ठरावीक दिशेने येणारा गोंगाट त्याला जवळजवळ बंद करता येतो. याचा अनुभव फुकटात घ्यायचा असेल तर साधा ट्रान्झिस्टर मीडियमवेव्हवर लावा, परभणी किंवा सोलापूर, जे लागेल ते, आणि हळूहळू फिरवा. एका स्थितीत स्टेशन बुडते. आतली फेराइटची कांडी हेही एक लूपच आहे.

घरात एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर असेल तर मी लूपच्या बाजूने मत देईन. शेतातल्या एकट्या खोलीवर कांडी पुरते. विकत घेण्याआधी मात्र मेन स्विच बंद करून बॅटरीवर रेडिओ ऐका. खरखर निम्मी झाली तर दोष अँटेनाचा नव्हता. (लोडशेडिंगचा एवढाच काय तो फायदा.) अँटेनाच्या ॲम्प्लिफायरलाही स्वस्त चार्जरऐवजी बॅटरी द्यावी. दोन अँटेनांची तुलना करताना एकाच वेळी, एकाच स्टेशनवर, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर किती खरखर आहे तेही ऐकावे.

एवढे करूनही वळवाच्या दिवसांत दुपारनंतर सुटी सुटी कडकड उरतेच. ती विजेची. विजेच्या लहरी सर्वांत जोरकस असतात त्या 5 ते 10 किलोहर्ट्झच्या आसपास, आणि त्या शेकडो किलोमीटर जातात. त्यामुळे नुसत्या कडकडीवरून वीज दूर की जवळ, ते कळत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने त्यासाठी ठिकठिकाणी सेन्सर बसवले आहेत. तेही एका अर्थी खालच्या लहरींचे अँटेनाच. एकच कडकड प्रत्येकाकडे किंचित वेगळ्या वेळी पोहोचते, त्या फरकावरून वीज कुठे पडली ते ठरते. याच संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आपल्या 20 आणि 40 किलोमीटरच्या आतल्या विजेचा इशारा देते. खांबावर अँटेना लावणाऱ्याने ते मोबाइलमध्ये ठेवावेच. इशारा आला की केबल रेडिओतून काढून घराबाहेर टाकावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

आणि कुणावर वीज पडलीच तर? त्याच्या अंगात करंट उरत नाही, हात लावायला घाबरू नका. शेणात किंवा मातीत पुरण्यात लाखमोलाची मिनिटे जातात. अनेकदा हृदय आपले आपण पुन्हा सुरू होते, पण श्वास थांबलेलाच राहतो आणि प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा बंद पडते. वीज एकाच वेळी अनेकांना लागली असेल तर विव्हळणाऱ्याआधी निपचित पडलेल्याकडे धावा. विव्हळणारा श्वास घेत असतो. 108 ला फोन लावायला सांगा, छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाबा, आणि दर 30 दाबांनंतर तोंडाने 2 श्वास द्या, रुग्णवाहिका येईपर्यंत.