खपली पडल्यावरचं वर्ष

दुचाकीवरून उतरताना उजव्या पोटरीला आतून सायलेन्सर लागतो. चटका क्षणभराचा, पण लांबट काळा डाग वर्षानुवर्षं राहतो. तो काळेपणा सगळाच चटक्याचा नसतो; त्यात नंतर लागलेल्या उन्हाचाही वाटा असतो.

खपली पडली की आपण जखम विसरतो. खरं काम तेव्हा सुरू झालेलं असतं. शरीर आधी घाईघाईने धावदोरा घालून कातडी जोडतं आणि मग वर्ष-दीड वर्ष ते कच्चे टाके काढून पक्की शिवण घालत बसतं. हे धागे कोलॅजनचे. एवढं करूनही वणाची कातडी मूळच्या फार तर ८० टक्के मजबूत होते.

या काळात तिथल्या रंगपेशी डिवचलेल्या असतात. जखमेच्या दाहानेच त्या जास्त रंग ओततात, त्यात ऊन पडलं की डाग आणखी गडद होतो. आपल्या सावळ्या कातडीत हे जास्त ठळक होतं. खोल भाजलं असेल तर उलट घडतं: रंगपेशीच मरतात, पांढरा चट्टा उरतो, आणि तो उन्हात पटकन भाजतो.

म्हणून पहिलं वर्ष वण झाका. सुती सलवार, पूर्ण बाह्यांचा सनकोट, स्कार्फ यांवर माझा क्रीमपेक्षा जास्त भरवसा आहे, कारण कापड घामाने वाहून जात नाही. चेहऱ्यावर मात्र सनस्क्रीनच हवं. एसपीएफ ३० किंवा जास्त, जाड थर देऊन, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. जखम पूर्ण भरण्याआधी मात्र लावू नका. डाग गडद करणारे अतिनील ‘अ’ किरण ढगांतून आणि गाडीच्या साध्या काचेतूनही येतात. पावसाळ्यात आणि खिडकीशी बसतानाही हे लक्षात ठेवा. डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळी कातडी काळवंडवतो, त्यामुळे लोहाचे रंगकण असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन अधिक उपयोगी.

वण उंच होऊ लागला तर सिलिकॉनची पट्टी दिवसाचे बारा तास किंवा जास्त, दोन-तीन महिने लावतात. जखमेची हद्द ओलांडून पसरणारी गाठ म्हणजे कीलॉइड. ती नुसती कापली तर बरेचदा आणखी मोठी होऊन परतते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञच गाठावा.

डागावर लिंबू चोळायचा सल्ला घरोघर मिळतो. कृपा करून ऐकू नका. लिंबाच्या रसातली, विशेषतः सालीतली द्रव्यं कातडीवर असताना ऊन लागलं, तर भाजल्यासारखे फोड येतात आणि पूर्वीपेक्षा काळे डाग पडतात. दुकानदाराने दिलेलं स्टिरॉइडयुक्त गोरेपणाचं मलमही नको, त्याने कातडी पातळ होते.

आणि भाजल्याच्या जुन्या, विसरलेल्या वणावर कधी भरतच नाही अशी जखम झाली, तर थांबू नका. अशा वणात क्वचित कर्करोग होतो, अगदी काही दशकांनंतरही. ती डॉक्टरांना दाखवाच.