पडायची गाडी निवडताना

स्टंटसाठी सेकंडहँड स्पोर्ट बाइक शोधणारा मुलगा विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारतो, "टॉप किती मारते?" आणि दुसरा, "पिकअप कसा आहे?" दोन्ही प्रश्न त्याला भलत्याच गाडीकडे घेऊन जातात. स्टंटचा सराव एखाद्या मोकळ्या आवारात, बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालतो. वेगापेक्षा गाडीच्या पडण्याचा हिशेब तिथे मोठा असतो. विचारायचं ते हे की कमी वेगात गाडी किती ऐकते आणि आडवी झाली की खिशातून किती जातात.

गैरसमज : सीसी जास्त, तेवढा स्टंट भारी

हा समज बराचसा सिनेमाने दिलेला. 2004 साली 'धूम' आला आणि ज्यांनी हायाबुसा कधी समोर पाहिली नव्हती, त्यांच्याही तोंडी तिचं नाव बसलं. बुसा ही 1300 सीसीची, ताशी तीनशेच्या घरात जाण्यासाठी बांधलेली लांब, जड गाडी. तिच्यावर स्टंट होतच नाहीत असं नाही, पण शिकायला ती घेणं म्हणजे पहिल्याच पडण्यात पैसे आणि हौस दोन्ही संपवणं.

अमेरिकेत स्टंटची लाट आली तेव्हा शिकणाऱ्यांची पसंती जुन्या सहाशे सीसी गाड्यांना मिळाली. होंडाची 2001 ते 2006 मधली सीबीआर 600 एफ4आय आणि कावासाकीची 2003-04 ची झेडएक्स-6आर, म्हणजे सगळ्यांची '636', या त्यातल्या दोन लाडक्या. जर्मनीचा ख्रिस फायफर ट्रायल्समधून, म्हणजे दगडधोंड्यांवरून गोगलगाईच्या वेगाने गाडी नेण्याच्या खेळातून, स्टंटकडे आला. पुढे त्याने बीएमडब्ल्यू एफ 800 आर या साध्या, बिनफेअरिंगच्या दोन सिलिंडरी गाडीवर जगभर नाव कमावलं. स्लोव्हेनियाचा रोक बागोरोश तर केटीएमच्या 125 ड्यूकवर युरोपात प्रेक्षकांना वेड लावत होता. ती छोटी ड्यूक 2011 पासून आपल्या चाकणच्या कारखान्यातून तिकडे जाते.

तिचीच थोरली बहीण, 200 ड्यूक, जानेवारी 2012 मध्ये आपल्याकडे आली. जेमतेम 136 किलोच्या आसपास वजन, साधारण 25 बीएचपी, लोखंडी नळ्यांची जाळीदार चेसिस, रुंद सरळ हँडल. फेअरिंगच नाही, त्यामुळे पडून फुटायला फारसं काही नाही. माझं मत विचाराल तर शिकाऊ माणसाने जुनी 200 ड्यूक किंवा मागे डिस्क ब्रेक असलेली अपाची आरटीआर यांच्यापुढे बघूच नये. आर15 दिसायला देखणी, पण तिची ताकद वरच्या आरपीएमला आहे, हँडल खाली वाकलेलं आहे, आणि फेअरिंगच्या एका बाजूची किंमत ऐकली की सराव आपोआप थांबतो.

गैरसमज : पुढचं चाक ताकदीने उचलतं

उचलतं क्लचने, आणि ताब्यात राहतं मागच्या ब्रेकने. क्लच थोडा दाबून, थ्रॉटल देऊन, झटक्यात सोडला की दीडशे-दोनशे सीसीची गाडीसुद्धा पुढचं चाक हवेत नेते. मग एक कोन असा येतो, जिथे गाडीचं वजन मागच्या चाकाच्या बरोब्बर वर येतं. तिथे तिला ताकदीची गरज जवळजवळ उरत नाही. त्या कोनाच्या अलीकडे गाडी पुढे पडते, पलीकडे गेली तर माणसासकट मागे उलटते. मागे जायला लागलेली गाडी परत आणायला एकच गोष्ट असते, पायाखालचा ब्रेक. तो दाबला की पुढचं चाक खाली येऊ लागतं. विली, म्हणजे पुढचं चाक हवेत ठेवून गाडी चालवणं, शिकवणारे शहाणे लोक म्हणूनच पहिले काही दिवस चाक उचलायला देत नाहीत, पाय ब्रेकवर ठेवून गाडी चालवायला लावतात.

म्हणजे सेकंडहँड गाडी बघताना इंजिनाआधी मागचा ब्रेक बघायचा. ड्रम असेल तर सोडून द्या. ड्रमला हवा तेवढाच, इंचाइंचाने ब्रेक लावणं जमत नाही, आणि तापला की तो आणखी ढिला पडतो. डिस्क असेल तर पेडल दाबून धरा. हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर गेलेला आहे.

क्लचची परीक्षा याहून सोपी. गाडी वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात न्या आणि थ्रॉटल पूर्ण पिळा. आवाज चढला पण गाडी त्या मानाने पुढे सरकली नाही, तर प्लेटा संपल्या आहेत. प्लेटा बदलता येतात, तेवढे पैसे सौद्यात कापून घ्यायचे.

राहिली ताकद. ती स्टंटवाले इंजिनात हात न घालता स्प्रॉकेटमधून मिळवतात. मागे 40 दात्यांचं स्प्रॉकेट काढून 60 दात्यांचं बसवलं, पुढचं तसंच ठेवलं, तर मागच्या चाकावर येणारा जोर दीडपट होतो आणि त्याच आरपीएमला वेग दोन तृतीयांशावर येतो. म्हणजे टॉप स्पीड मुद्दाम विकून टाकायचा. ज्या आकड्यासाठी विक्रेता दहा हजार जास्त मागतो, तो आकडा पहिल्याच आठवड्यात भंगारात जातो.

गैरसमज : पडलेली गाडी घेऊ नये

उलट, टाकीला पोचा आणि सायलेन्सरला खरवड असलेली गाडी स्वस्त मिळते. हे सगळं तुम्ही स्वतः करणारच आहात, मग चकाचक रंगाचे पैसे कशाला मोजायचे? बघायचं ते कशी पडली हे. उभ्या जागी आडवी झालेली गाडी आणि समोरून धडकलेली गाडी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि चेसिसच्या मानेपाशी टॉर्च मारा. हँडल जिथे अडतं, तिथला लोखंडी ठोकळा चेपलेला, तुटलेला किंवा नव्याने वेल्ड केलेला दिसला तर गाडीने जबर मार खाल्ला आहे. मानेच्या आसपास रंग उडालेला, सुरकुतलेला असेल किंवा बाकी चेसिस जुनी आणि एवढीच जागा नवीकोरी चमकत असेल, तर किंमत कितीही उतरली तरी निघून या. मग गाडी स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून धरा आणि फोर्क पुढे-मागे हलवा. खट् असा आवाज आला तर कोनसेट गेला. तो किरकोळ खर्च आहे. पण स्टंटमध्ये पुढचं चाक दणादण आपटतं, म्हणून ढिल्या कोनसेटवर सराव करू नये. मागे बसून एका डोळ्याने दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघा, नसतील तर मागचं चाक धरणारा चिमटा वाकलेला असू शकतो. चाक हाताने फिरवा, अलॉयची कड लटपटते का ते लक्षात येतं.

किलोमीटरच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. मीटर फिरवणारे कारागीर कुठल्याही शहरात सापडतात. त्यापेक्षा फोन करून सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर गार इंजिनाचा त्रास लपवण्यासाठी ते आधीच तापवलं असण्याची शक्यता धरा.

गैरसमज : इंजिन चांगलं असलं की झालं

चांगलं इंजिनही विलीत मरतं, आणि ते ऑइलमुळे. गाडी उभी झाली की तळातलं ऑइल मागच्या बाजूला सरकतं. पंपाचं तोंड ज्या जागी असतं तिथे पुरेसं ऑइल उरलं नाही, तर बेअरिंग कोरडी पडू लागतात. म्हणूनच स्टंटवाले ऑइलची पातळी खुणेच्या खाली कधी जाऊ देत नाहीत. आधी कुणी स्टंटला वापरलेली गाडी घेत असाल तर इंजिनाचा खालचा ठोक-ठोक आवाज कान देऊन ऐका.

दुसरा शत्रू उष्णता. समोरून वारा नाही, आरपीएम चढलेले, तास-तास सराव. लिक्विड-कूल्ड गाडीचा पंखा चालतो की नाही, हे गाडी उभ्या जागी तापेपर्यंत थांबून बघा. कार्ब्युरेटरची गाडी खूप तिरकी झाली की फ्लोटचं गणित बिघडतं आणि ती अडखळते. होंडाच्या आधीच्या, कार्ब्युरेटरवाल्या एफ4 पेक्षा फ्युएल इंजेक्शनची एफ4आय स्टंटवाल्यांना आवडली, त्याचं एक कारण हे.

गैरसमज : जेवढी नवी तेवढी चांगली

एप्रिल 2018 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना, आणि पुढच्या वर्षीपासून त्या वर्गातल्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. रस्त्यावर ते जीव वाचवतं. सरावाच्या आवारात मागचं चाक मुद्दाम लॉक करायचं असतं, तिथे ते आडवं येतं. तेव्हा स्टंटला त्याआधीची गाडी घ्या आणि ऑफिसला जायची गाडी वेगळी ठेवा. रोजच्या गाडीच्या एबीएसचा फ्यूज काढण्याचे उद्योग करू नका.

गैरसमज : मैदानातच फिरवायची, कागद कशाला?

चेसिस नंबर आरसीशी ताडून बघा, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते बघा आणि नावावर करून घ्या. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं, की गाडी विकली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. विकणाऱ्यालाही हे सांगा, तो स्वतःहून आरटीओत येईल.

केज, सरळ हँडल, हाताचा जादा ब्रेक, गाडी मागे उलटू न देणारा मागचा '12 ओ'क्लॉक' बार हे सगळं बसवलं की ती गाडी रस्त्याची राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यावर चाक उचललंत तर धोकादायक वाहन चालवण्याचं कलम 184 वेगळं. परवानगी काढलेल्या बंदिस्त जागेपर्यंत गाडी चालवत नेता येत नाही, तेव्हा बजेट काढताना टेम्पोचं येण्या-जाण्याचं भाडंही धरा.