तिसऱ्यांदा गायचं नाही!

मूल गाऊ लागलं, चित्रं काढू लागलं की आईला मोह आवरत नाही. आल्या-गेल्यापुढे 'बेबी, गाऊन दाखव गं' हा एक. आणि दुसरा, जास्त घातक, स्वतः हात घालून ते नीट करून देण्याचा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नवऱ्याच्या पाळ्या सांभाळताना मुलांजवळ बसते ती बहुधा आईच. मग तिनं किती शिकवायचं आणि कुठं थांबायचं?

मला या बाबतीत मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) आठवतात. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. लेक किशोरी सात वर्षांची असताना तिचे वडील गेले. तीन मुलं पदरात घेऊन बाईंनी गाण्याच्या बळावर संसार ओढला. लेकीला शिकवताना बंदिशीची स्थायी दोनदा गायच्या, अंतरा दोनदा. तिसऱ्यांदा नाही! त्यातच सारे बारकावे टिपायचे, असं किशोरीताईंनीच पुढे मुलाखतींत सांगितलं. ऐकायला कठोर वाटतं खरं. पण दहादा ऐकलं की मूल नुसती नक्कल करतं. दोनदाच ऐकलं, की उरलेलं त्याला स्वतःच्या मनात शोधावं लागतं. बाईंचा लेकीवर केवढा विश्वास असेल, बघा!

बाकीचं शिक्षण मैफलीत, आईच्या मागे तंबोरा घेऊन बसून. शिवाय घरात एवढी विद्या असूनही किशोरीताई इतर गुरूंकडेही शिकल्या. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर त्यांतल्याच. मोगूबाई काही सगळंच मोकळं सोडणाऱ्या नव्हत्या हो. सिनेमात गायलीस तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावायचा नाही, अशी तंबी त्यांनी दिली होती. तरी किशोरीताई (१९३२–२०१७) आईची प्रतिकृती झाल्या नाहीत. जयपूर घराण्याच्या काटेकोर गायकीत त्यांनी भावाला मोठी जागा दिली, त्यासाठी टीकाही सोसली.

आता आपल्या घरात या. २०२१ च्या जुलैमधला महाडचा पूर ज्या मुलीनं पाहिलाय, ती सावित्री नदी काढताना पाणी काळपट रंगवील. आपण चटकन म्हणतो, "अगं, पाणी निळं असतं!" आणि ब्रश हातात घेतो. चित्र सुबक होतं, पण तिनं पाहिलेला पूर त्यातून जातो. पुढच्या वेळी ती न सांगता निळाच रंग घेते. त्यापेक्षा "इथं पाणी कुठपर्यंत आलं होतं गं?" असं विचारून पाहा. ती थांबेल, आठवेल, कदाचित दाराची चौकट अर्ध्यावर बुडवील. नुसतं 'छान छान' म्हणूनही भागत नाही. काय दिसलं, काय कळलं नाही, ते सांगावं. एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी चित्रकलेचे सर करून घेतील. तुम्ही पाठकोरे कागद द्या, आणि संध्याकाळी तासभर जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा. तिथं भाजी निवडायला बसू नका.