धुराची वाट वेगळी हवी
(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

शेतावर जाऊन पंप आणि मोटारी दुरुस्त करणारी माझी फिरती गाडी आहे. बंद टेम्पोच्या आत कामाचे टेबल, ग्राइंडर, ड्रिल आणि रिवाइंडिंगचे सामान. शेतावर वीज असेलच याचा भरवसा नाही, म्हणून मागच्या कोपऱ्यात पेट्रोलवरचा छोटा जनरेटर मी ठेवला होता. त्याच जनरेटरच्या धुराने माझ्या हाताखालच्या पोराचा जीव जाता जाता वाचला.

२००७ चा पावसाळा. सातारा जिल्ह्यातल्या एका वस्तीवर काम चालू होते. पावसाची झड आत येऊ नये म्हणून मी बाजूचे दार लावले, मागचे अर्धे उघडे ठेवून त्यावर ताडपत्री सोडली. जनरेटर दाराशीच, तेव्हा धूर बाहेर जात असणार, असे मी धरून चाललो. तासाभराने पोरगा म्हणाला, ‘दादा, डोकं लई दुखतंय.’ सकाळपासून पोटात काही नसेल, असे समजून मी त्याला चहाला पाठवले. बाहेर त्याला बरे वाटले. परत आत आला आणि थोड्याच वेळात ओकारी येऊन खाली बसला. मी त्याला उचलायला गेलो, तर माझेच पाय लटपटले. शेतकऱ्याने आम्हा दोघांना ओढून बाहेर काढले. ग्रामीण रुग्णालयात प्राणवायू लावल्यावर पोरगा सावरला. डॉक्टरांनी मला विचारले, ‘गाडीत इंजिन चालू होते का?’

इंजिनात इंधन पुरते जळत नाही, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो तो त्यातल्या इतर घटकांचा. रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. मग श्वास चालू असूनही मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पुरत नाही. ब्रिटनच्या कोळसा खाणींत हा वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत. १९८६ साली तिथे ही पद्धत मोडीत काढायचे ठरले आणि पक्ष्यांची जागा यंत्रांनी घेतली. करोनाच्या साथीपासून पुष्कळ घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. पण नेहमीच्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही. विषबाधा झालेली असतानाही तो आकडा चांगलाच दाखवू शकतो.

मग करायचे काय? सर्वांत चांगले म्हणजे जनरेटर गाडीतून उतरवून निदान वीस फूट लांब ठेवावा. त्याच्या सायलेन्सरचे तोंड माणसांपासून आणि गाडीपासून दुसरीकडे करावे, आणि जाड, धड केबलने वीज आत आणावी. पाऊस असेल तर वर छप्पर करावे, पण चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

जनरेटर गाडीवरच बसवायचा असेल, तर त्याचा कप्पा वेगळा हवा. त्याचे दार फक्त बाहेर उघडावे. कामाच्या जागेच्या बाजूला सलग पत्र्याची भिंत घालावी, आणि केबल जाते त्या भोकाची फटही बुजवावी. कप्प्याला बाहेरून थंड हवा आत येण्याची आणि गरम हवा बाहेर जाण्याची सोय हवी, नाहीतर इंजिन तापते.

धुराची नळी धातूचीच असावी. रबराची किंवा प्लास्टिकची वितळते. इंजिन थरथरते, म्हणून सांध्याशी लवचिक पोलादी नळीचा तुकडा घालावा. ताठ नळीला लवकर तडा जातो. नळी सायलेन्सरच्या तोंडापेक्षा बारीक नको आणि वळणे कमीत कमी हवीत, नाहीतर धूर तुंबतो. पत्र्यातून जाते तिथे नळीभोवती उष्णता सोसणारे वेष्टण लावावे. आणि हे विसरू नका, की नळीचे तोंड गाडीखाली सोडायचे नाही. तिथला धूर फळ्यांच्या फटींतून वर येतो. तोंड गाडीच्या कडेबाहेर काढावे. दार, खिडकी आणि हवा आत घेणारा पंखा यांच्या विरुद्ध बाजूला. जोडकाम करण्यापूर्वी जनरेटरच्या कंपनीला विचारून घ्यावे.

मागचे दार उघडे ठेवून धावणाऱ्या गाडीत जनरेटर चालवू नये. पळत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि बाहेर गेलेला धूर उघड्या दारातून पुन्हा आत ओढला जातो.

एवढे करूनही आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. साध्या धुराच्या अलार्मला हा वायू कळत नाही. नळीच्या सांध्यांवर काजळीची रेघ दिसली, की तिथे गळती आहे असे समजून काम थांबवावे.

गाडीत एकाच वेळी दोघांचे डोके दुखू लागले, किंवा बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर पित्ताची गोळी शोधू नका. सगळ्यांनी आधी उघड्यावर या, मग १०८ ला फोन करा आणि जनरेटर चालू होता हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

तो पोरगा आता स्वतःची गाडी चालवतो. गाडी घेतली तेव्हा त्याने आधी मधली पत्र्याची भिंत ठोकून घेतली आणि मगच टेबल बसवले. मला हे सुचायला मात्र तो दिवस यावा लागला.